हिरड्यांतून रक्त आणि हृदयाचा आजार: खरं किती, करायचं काय?

पांझराकाठ (धुळे)

राम राम मंडळी. गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दोन टोकाचे मेसेज फिरताहेत. एकात लिहिलंय, दातांची सफाई करून घ्या, हार्ट अटॅक येणारच नाही. दुसऱ्यात, हृदयाच्या पेशंटने दाताला हातच लावू द्यायचा नाही. पहिलं सिद्ध झालेलं नाही आणि दुसरं जिवावर बेतू शकतं. म्हणून हा धागा. हिरड्यांचे आजार हे माझं रोजचं काम, त्यामुळे तोंडाची बाजू मी मांडतो. हृदयाचं गिरणाईताई सांगतील, औषधांचं बोरीकाठभाऊंनी बघावं.

इथे प्रश्न किडलेल्या दातापेक्षा हिरडीचा जास्त आहे. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये १ ते ३ मिमी खोल खाच असते. दातावर रोज साचणारा चिकट थर वेळेवर निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे दोनेक आठवड्यांत तो दगडासारखा होतो. हेच कीटण. ते एकदा धरलं की ब्रशने निघत नाही, त्याच्या खडबडीत अंगावर नवा थर आणखी लवकर बसतो, हिरडी सुजते आणि खाच खोल होत जाते. सुजलेली खाच ४ मिमी किंवा जास्त भरली की आम्ही तिला पॉकेट म्हणतो. तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत. पुढे दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि दात हलायला लागतो.

आजार बळावलेल्या माणसात सगळ्या दातांभोवतीच्या पॉकेटांची आतली सुजलेली बाजू एकत्र धरली, तर अंदाजे ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. एवढी जखम पायावर वर्षानुवर्षं उघडी असती तर कुणीही दवाखाना गाठला असता. ही दुखत नाही, म्हणून राहून जाते.

या जागेतून दोन गोष्टी शरीरात जातात. चावताना, ब्रश करताना थोडे जंतू थेट रक्तात उतरतात. आणि सूज सतत चालू राहिल्याने रक्तातले दाहाचे घटक वाढलेले राहतात. सीआरपी नावाची जी तपासणी करतात, ती यातलाच एक घटक मोजते.

गिरणाई (जळगाव)

पांझराकाठ सर, धागा काढलात ते बरं झालं. फिजिशियन म्हणून पुराव्याचं सांगते, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो.

हा संबंध पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला तो फिनलंडमधल्या १९८९ च्या अभ्यासातून. हार्ट अटॅक आलेल्यांच्या तोंडाची अवस्था इतरांपेक्षा वाईट दिसली. पुढे स्कॉटलंडमध्ये ११ हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरचा अभ्यास २०१० साली आला. क्वचितच दात घासणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. स्वीडनमध्ये २०१६ च्या अभ्यासात पहिला अटॅक आलेले ८०५ जण आणि तेवढेच अटॅक न आलेले यांच्या दातांचे एक्स-रे तपासले. हाड झिजल्याचं प्रमाण अटॅकवाल्यांत ४३ टक्के, दुसऱ्या गटात ३३ टक्के. तंबाखू, मधुमेह वगैरे हिशेबात धरूनही थोडा फरक उरलाच. शिवाय हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेल्या चरबीच्या थरात तोंडातल्या जंतूंचा डीएनए सापडलेला आहे.

पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली हा सगळा पुरावा तपासून जे म्हटलं ते नीट वाचायला हवं. संबंध आहे आणि तो इतर कारणांपलीकडेही दिसतो. मात्र हिरडीच्या आजारामुळेच हृदयविकार होतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि हिरडीच्या उपचाराने अटॅक टळतो हेही सिद्ध झालेलं नाही.

उपचाराने रक्तवाहिन्यांवर काय होतं ते २००७ सालच्या एका चाचणीत मोजलं गेलं. १२० जण होते. एका गटाच्या हिरड्यांची कसून सफाई केली. पहिल्या २४ तासांत दाह वाढला, रक्तवाहिन्यांचं प्रसरण घटलं. सहा महिन्यांनी मात्र त्याच गटात प्रसरण दुसऱ्या गटापेक्षा सुधारलेलं होतं. म्हणजे दिशा चांगली आहे, पण रक्तवाहिनी सुधारणं आणि अटॅक टळणं यात बरंच अंतर आहे. कुणी "क्लिनिंग करा, बायपास टाळा" म्हणून पैसे मागत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

केळीबाग (रावेर)

ताई, एक शंका. आपल्याकडे ज्याच्या हिरड्या खराब, तो बहुतेक तंबाखू खाणारा असतो. तंबाखूने हृदयही बिघडतं. मग दोघांचं मूळ एकच नाही का? हिरडीला उगाच दोष कशाला?

गिरणाई (जळगाव)

भाऊ, मुद्दा रास्त आहे आणि संशोधकांना सगळ्यात जास्त छळलेला हाच आहे. तंबाखू, मधुमेह, वय, गरिबी या चारही गोष्टी दोन्ही आजारांच्या मुळाशी आहेत. स्वीडनच्या अभ्यासात या गोष्टी वजा केल्यावर फरक बराच कमी झाला तो त्यामुळेच. पण शून्यावर आला नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे होते, आणि त्यात ओढण्यापेक्षा खाण्या-लावण्याचं प्रमाण कितीतरी मोठं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण चुना-तंबाखू आणि मिश्री घराघरात आहे. त्यामुळे आपल्या भागात हृदय आणि हिरडी दोन्ही वाचवायचं एकच सगळ्यात मोठं काम कोणतं, असं विचारलंत तर उत्तर तंबाखू सोडणं. त्यात मला जराही शंका नाही. मोफत मदतीसाठी राष्ट्रीय क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६.

पांझराकाठ (धुळे)

यात एक फसवणूक होते ती सांगतो. निकोटीनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, हिरडी घट्ट आणि फिकट दिसते. "रक्त येत नाही म्हणजे हिरड्या चांगल्या" असं तो धरून चालतो आणि आत ७ मिमीचं पॉकेट असतं. तंबाखू सोडल्यावर काही आठवड्यांत हिरडीतून रक्त यायला लागलं तर घाबरून पुन्हा सुरू करू नका. रक्तपुरवठा परत येतोय, झाकलेला आजार उघडा पडतोय. तीच उपचाराची वेळ.

मिश्रीबद्दल वेगळं लिहायला हवं. भाजून काळी केलेली तंबाखूच ती. बोटाने सकाळ-संध्याकाळ हिरडीवर चोळायची, थोडा वेळ तोंडात धरायची. घरातल्या बाया तिला दात घासणं समजतात, त्यामुळे "तंबाखू खाता का?" असं विचारलं की उत्तर नाही येतं. "दात कशाने घासता?" असं विचारलं की खरं कळतं.

गोमाई (शहादा)

हाई एकदम खरं शे. आरोग्यसेविका म्हणून त्यात भर घालते.

तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी गावपातळीवर चालूच असते. तोंड उघडून टॉर्च मारतोच आपण. पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम आणि तोंड किती उघडतं हे बघतो आणि मिटवतो. त्याच अर्ध्या मिनिटात हिरड्याही बघता येतात. कुठे बघायचं, सर?

पांझराकाठ (धुळे)

ताई, फार कामाचं विचारलंत. दोन जागा आधी बघा. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू, आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू. लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, म्हणून कीटण सगळ्यात आधी तिथे धरतं. पिवळं-काळपट कवच दिसेल. मग दोन दातांमधल्या हिरडीचं टोक बघा. निरोगी टोक चाकूच्या पात्यासारखं बारीक असतं. आजारी टोक गोल, फुगलेलं, लालसर-जांभळं. ग्लोव्ह घातलेल्या बोटाने हिरडीच्या मुळाकडून दाताच्या दिशेने हलकं दाबा. कडेतून पू आला तर आजार नक्की. शेवटी दात दोन बाजूंनी धरून हलतो का बघा.

विचारायचं एवढंच: भाकरी किंवा पेरू चावताना रक्त दिसतं का, दातांत फटी वाढल्यात का, आधीपेक्षा दात लांब दिसतात का.

ज्याला बीपी किंवा शुगर आहे आणि वरचं काहीही दिसतंय, त्याला दंतचिकित्सकाकडे पाठवा. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, धुळ्यात दंत महाविद्यालयही आहे. शुगरवाल्याला यातून सरळ फायदा होतो. हिरडीचा उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरतो, असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलंय. आणि शुगर आटोक्यात येणं हा हृदयाचा फायदाच.

केळीबाग (रावेर)

स्केलिंगने, म्हणजे कीटण काढायच्या सफाईने, दात ढिले होतात, फटी पडतात, असं गावात सगळेच म्हणतात. त्यावर काय सांगायचं लोकांना?

पांझराकाठ (धुळे)

फटी कीटणाने भरलेल्या होत्या. हाड आधीच झिजलेलं, हिरडी आधीच सरकलेली, आणि ती मोकळी जागा कीटणाने बुजलेली. ते काढलं की खरी परिस्थिती दिसते. सूज उतरल्यावर हिरडी आकसते, त्यामुळे फट आणखी डोळ्यात भरते. दोन-तीन आठवडे गार पाणी झोंबतं. हे सगळं पेशंटला आधी सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत आणि मग अफवा पसरते.

नीट उपचार कसा असतो तेही लिहितो, म्हणजे पाच मिनिटांत उरकलेलं आणि व्यवस्थित केलेलं यातला फरक कळेल. आधी मोजमाप: बारीक मोजपट्टीने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजून कागदावर नोंदतात. एक्स-रेने हाड बघतात. मग हिरडीच्या वरचं कीटण मशीनने निघतं. त्याच वेळी ब्रश कसा करायचा ते आरशासमोर करवून घेतात. ४ मिमी आणि त्यापुढच्या पॉकेटात भूल देऊन मुळावरचं कीटण खरवडायचं, बऱ्याचदा तोंडाची एकेक बाजू वेगवेगळ्या दिवशी. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीच सहा-सहा मापं. पॉकेट ४ मिमी किंवा आत आणि रक्त नाही, तर जिंकलो. खोल राहिलं तर पुन्हा सफाई किंवा हिरडी उघडून शस्त्रक्रिया. नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, कायमची. जिथे मापच घेतलं नाही तिथे हिरडीचा उपचार झालेला नाही, वरवरची सफाई झाली.

नुकताच अटॅक येऊन गेलेल्याचं सगळं तोंड एका बैठकीत करू नये. ताईंनी सांगितलेली २४ तासांतली दाहाची वाढ लक्षात ठेवा. टप्प्याटप्प्याने करावं. पेसमेकर असेल तर खुर्चीत बसायच्या आधी सांगावं, जुन्या प्रकारच्या काही मशीन टाळून हाताच्या अवजारांनीही काम होतं.

बोरीकाठ (अमळनेर)

काउंटरच्या पलीकडून जे दिसतं ते लिहितो. दात दुखला की माणूस आधी मेडिकलवर येतो. "दातदुखीची गोळी द्या" म्हणतो. हृदयाची औषधं चालू आहेत हे तो सांगत नाही आणि आमच्यातले बरेच जण विचारत नाहीत. घोळ होतो तो इथे.

रक्त पातळ करायची गोळी म्हणजे ॲसेनोकूमेरॉल किंवा वॉरफेरिन चालू असेल, तर दातासाठी सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल त्या गोळीचा परिणाम वाढवते. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) चढतो, हिरडीतून, लघवीतून, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तोंडातल्या बुरशीसाठी जी मायकोनाझोल जेल मिळते, तीसुद्धा हेच करते. वरून लावायचं औषध म्हणून तिचा कुणाला संशय येत नाही.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आणि पाण्यात विरघळणारी केटोरोलॅक: हृदयाच्या पेशंटला यातलं काहीही स्वतःहून देऊ-घेऊ नये. बीपी वाढतं, अंगात पाणी धरतं, ॲस्पिरिनसोबत पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातच अडथळा आणते. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिग्रॅ, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, आणि दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर. एवढंच सुरक्षित.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक ॲटोर्व्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिनसोबत घेतली तर स्नायूंना इजा होऊ शकते. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे हे आवर्जून सांगा.

गिरणाई (जळगाव)

बोरीकाठभाऊंनी काढलाच आहे विषय, तर दात काढण्याआधी गोळ्या बंद करण्याचं सांगते. यात माणसं दगावतात.

स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी, बसवलेल्याने ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या दात काढण्यासाठी स्वतःहून बंद करायची नाही. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर मोठा अटॅक येतो. दाताच्या जागेतून येणारं रक्त दाबून थांबवता येतं, स्टेंटमधली गुठळी दाबून थांबत नाही. टाळता येण्यासारखं काम असेल तर दोन्ही गोळ्यांचा काळ संपेपर्यंत थांबावं. अटॅकनंतर तो बहुधा वर्षभराचा असतो. पण पू झालेला दात वर्षभर ठेवायचा नाही. गोळ्या चालू ठेवून काढायचा.

वॉरफेरिन-ॲसेनोकूमेरॉलवाल्यांनी काम करायच्या आधीच्या २४ तासांतला आयएनआर घेऊन जावा. गोळीचं प्रमाण स्थिर असेल तर ७२ तासांपर्यंतचा चालतो. ३.५ पर्यंत असेल तर एक-दोन दात गोळी बंद न करता काढता येतात. त्याच्या वर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलावं. ॲपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळ्यांचा आयएनआरशी संबंध नाही. तिथे त्या दिवशीचा सकाळचा डोस कधी घ्यायचा, हे कामाच्या आकारावर आणि किडनीवर ठरतं. ते डॉक्टरांकडून लिहूनच आणा.

बीपी १८०/११० किंवा त्यावर असेल तर तातडीचं नसलेलं काम त्या दिवशी नको.

वाघूर (भुसावळ)

भुलेच्या इंजेक्शनात ॲड्रेनालिन असतं, हृदयाच्या पेशंटला ते चालत नाही, असं ऐकलं होतं. मग बिनभुलीचा दात काढायचा का?

पांझराकाठ (धुळे)

अजिबात नाही भाऊ. दुखल्यावर शरीर स्वतःच जे ॲड्रेनालिन सोडतं ते इंजेक्शनातल्यापेक्षा जास्त होऊ शकतं. आपल्याकडच्या लिग्नोकेनमध्ये ते बहुधा १:८०,००० प्रमाणात असतं, म्हणजे १ मिलीत ०.०१२५ मिग्रॅ. हृदयविकारात एका बैठकीची मर्यादा साधारण ०.०४ मिग्रॅ धरतात, म्हणजे ३ मिलीच्या जरा वर. एका दाताला एवढं लागत नाही. सुई रक्तवाहिनीत नाही ना हे मागे ओढून बघायचं आणि सावकाश सोडायचं. छातीत दुखणं आटोक्यात नसेल, तर मात्र काम पुढे ढकलायचं किंवा दवाखान्यात मॉनिटर लावून करायचं.

केळीबाग (रावेर)

व्हॉल्व बदललेल्याला दात काढायच्या आधी अँटिबायोटिक लागतं म्हणतात. ते स्टेंटवाल्याला पण लागतं का?

गिरणाई (जळगाव)

नाही. स्टेंट, बायपास, पेसमेकर यांना त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही. लागतं ते या लोकांना: कृत्रिम व्हॉल्व असलेले, व्हॉल्वच्या दुरुस्तीत कृत्रिम साहित्य वापरलेले, आधी हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग होऊन गेलेले, आणि जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक प्रकार. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस जंतू अशा जागी चिकटून वाढतात. हा संसर्ग होतो क्वचित, पण झाला तर जीव घेतो.

मोठ्यांना अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिग्रॅच्या चार कॅप्सूल एकदम, कामाच्या ३० ते ६० मिनिटं आधी. एकच डोस, पाच दिवसांचा कोर्स नाही. विसरला तर कामानंतर दोन तासांच्या आत घेतला तरी चालतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ. क्लिंडामायसिन २०२१ च्या अमेरिकन सूचनांतून वगळलं आहे, जुन्या चिठ्ठीवर असेल तर बदलून घ्या. हा डोस हिरडीला किंवा मुळाच्या टोकाला धक्का लागणाऱ्या कामांसाठी असतो, म्हणजे दात काढणं, खोल सफाई वगैरे. एक्स-रे, कवळीचं माप यासाठी नाही.

संधिवाताच्या तापाने व्हॉल्व खराब झालेले, पण अजून बदललेला नाही, असे पेशंट आपल्याकडे बरेच आहेत. ते अमेरिकन यादीत नाहीत. आपल्याकडे काही हृदयतज्ज्ञ तरीही डोस देतात, त्यामुळे तो निर्णय त्यांच्यावर सोडा. मात्र दर २१ दिवसांनी १२ लाख युनिटचं पेनिसिलिन इंजेक्शन चालू असलेल्याला डोस द्यायचा ठरला, तर तो अमॉक्सिसिलिनचा नको. त्यांच्या तोंडातल्या जंतूंना पेनिसिलिनची सवय झालेली असू शकते. दुसऱ्या गटातलं औषध घ्यावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कृत्रिम व्हॉल्ववाल्याला ताप आला, कारण सापडत नाही, भूक गेली, धाप लागते, तर मेडिकलवरून अँटिबायोटिक घ्यायचं नाही. आधी रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी), वेगवेगळ्या जागांवरून तीन नमुने, मग औषध. एक डोस जरी आधी गेला तरी कल्चरमध्ये जंतू सापडेनासा होतो आणि उपचार अंधारात करावा लागतो.

आणि हो, ब्रश करतानाही जंतू रक्तात जातात. हिरडी जितकी घाण आणि रक्ताळ, तितके जास्त. वर्षातून एकदा घेतलेल्या चार कॅप्सूलपेक्षा रोजची स्वच्छ हिरडी व्हॉल्वचं जास्त रक्षण करते. व्हॉल्वचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून, वाचू न शकणारे दात जमलं तर किमान दोन आठवडे आधी काढून घ्यावेत.

गोमाई (शहादा)

बीपीची गोळी चालू झाल्यापासून हिरडी दातावर चढतेय, असं दोन-तीन बाया सांगतात. काय असावं?

बोरीकाठ (अमळनेर)

ताई, गोळी ॲम्लोडिपिन किंवा निफेडिपिन आहे का बघा. या गटातल्या गोळ्यांनी काही जणांची हिरडी वाढते. बहुधा सुरुवातीच्या काही महिन्यांत, पुढच्या दातांमधल्या टोकांपासून. फिटची फेनिटॉइन असेल तरी असंच होतं.

पांझराकाठ (धुळे)

बरोबर. आणि कीटण असेल तिथे जास्त वाढते. आधी सफाई आणि ब्रश, बऱ्याच जणांत त्यानेच उतरते. नाही उतरली तर फिजिशियन गोळीचा गट बदलून देतात. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्या बायांना दोनदा सांगा.

वाघूर (भुसावळ)

रोजचं दात घासणं नेमकं कसं, ते एकदा लिहा की सर. दातण चालेल का?

पांझराकाठ (धुळे)

मऊ केसांचा ब्रश. केस दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर, ४५ अंशात हिरडीकडे तिरके टेकवायचे. अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीवर. जागेवरच बारीक थरथर, दहा-बारा वेळा, मग पुढचे दोन दात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरायचा. पेस्ट वाटाण्याएवढी, फ्लोराइडची. एकूण दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. एकदाच जमत असेल तर रात्री जेवणानंतर, कारण झोपेत लाळ आटते आणि थर निवांत वाढतो. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. दातांच्या फटीत ब्रश जात नाही. हिरडी सरकलेली असेल तर फटीत बसेल त्या मापाचा छोटा इंटरडेंटल ब्रश, नाहीतर दोरा. घासताना रक्त आलं म्हणून ती जागा सोडायची नाही, तिथेच जास्त काम आहे. आठवडा-दीड आठवड्यात रक्त कमी झालं नाही तर आत कीटण आहे.

कडुनिंब-बाभळीचं दातण चांगलं, पण टोक चावून पूर्ण मऊ कुंचला व्हायला हवा आणि आतल्या बाजूलाही फिरवायला हवं. बहुतेक लोक पुढचे सहा दात घासून टाकून देतात. राखुंडी, विटेचा भुगा, कोळसा, जाड मीठ यांनी मुळं घासली जातात. बंद करा.

क्लोरहेक्झिडिनचं गुळण्यांचं औषध खोल सफाईनंतर ०.२ टक्क्याचं १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. पेस्टनंतर अर्ध्या तासाने. कायम वापरू नका, डाग पडतात, चव जाते.

गिरणाई (जळगाव)

त्यात हृदयाचीही भर आहे. पालेभाज्या, बीट यांतल्या नायट्रेटचं रूपांतर जिभेवरचे काही चांगले जंतू करतात आणि त्यातून रक्तवाहिन्या सैलावणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं. छोट्या प्रयोगांत जंतुनाशक गुळण्यांनी बीपी २-३ अंकांनी वाढलेलं दिसलंय. म्हणून कारणाशिवाय रोज नको.

दात गेल्यावरचं खाणंही बघा. दाढा नसल्या की कळण्याची भाकरी, मेथी, कच्चा कांदा-काकडी, शेंगदाणे सुटतात आणि चहात बुडवलेली खारी-टोस्ट-बिस्किटं येतात. हृदयाला नको तेच वाढतं. कवळी करून घ्या, रात्री काढून ब्रशने धुवा आणि पाण्यात ठेवा. जोवर नाही तोवर भाकरी दुधा-ताकात, डाळीच्या पाण्यात कुस्करून, भाज्या बारीक शिजवून. खारी हा पर्याय नाही.

आणि दातदुखी म्हणून येणारा अटॅक. खालचा जबडा दुखतो, बरेचदा दोन्ही बाजू किंवा डावी, चढ चढताना किंवा शेतात काम करताना सुरू होतो, बसल्यावर थांबतो, एका दातावर बोट ठेवून दाखवता येत नाही, गार-गरमने फरक पडत नाही. बायांमध्ये आणि शुगरवाल्यांत छातीत न दुखता असं होऊ शकतं. हे ईसीजीचं दुखणं आहे. सोबत घाम, धाप, मळमळ असेल तर १०८ लावा, ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिग्रॅ चावून खायला द्या. चालवू नका.

गोमाई (शहादा)

शेवटचं विचारते. धडगाव, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवरून कुणी रक्त पातळ करायची गोळी घेणारा दात काढायला खाली आला आणि घरी गेल्यावर रक्त सुरू झालं, तर रात्री घाट उतरणं मुश्किल. काय तयारी ठेवायची?

पांझराकाठ (धुळे)

ताई, काम आठवड्याच्या सुरुवातीला आणि सकाळीच ठेवा. शनिवारी नको, म्हणजे दुसऱ्या दिवशी काही झालं तर दवाखाना उघडा असतो. एका वेळी एक, फार तर दोन दात. जागेत जिलेटिन स्पंज आणि वर टाका घालायला डॉक्टरांना आधीच सांगा. काढल्यावर दोन-तीन तास तिथेच थांबायचं, रक्त थांबलेलं डॉक्टरांना दाखवूनच निघायचं. शक्य असेल तर ती रात्र खालीच नातेवाइकांकडे.

सोबत निर्जंतुक गॉज आणि रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ५०० मिग्रॅच्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. पहिले २४ तास चूळ भरणं, थुंकणं, गरम चहा आणि तंबाखू बंद. रक्त आलं तर बसून राहायचं, आडवं व्हायचं नाही. एक गोळी बारीक करून १० मिली पाण्यात कालवायची, गॉज त्यात भिजवून घडी बरोबर त्या जागेवर ठेवायची आणि घड्याळ लावून ३० मिनिटं घट्ट चावून धरायची. मधे उघडून बघायचं नाही. सगळे तिथेच चुकतात, दर पाच मिनिटांनी बघतात आणि गुठळी निघून येते. थांबलं नाही तर आणखी एकदा ३० मिनिटं. तरी चालू असेल तर १०८, आणि ती येईपर्यंत गॉज चावलेलीच. दुसऱ्या दिवसापासून तेच पाणी दोन मिनिटं तोंडात धरून हळूच बाहेर सोडायचं, दिवसातून चारदा, दोन दिवस. गिळायचं नाही.

गोळ्यांची पाकिटं आणि शेवटच्या आयएनआरचा कागद एका पिशवीत घालून पेशंटसोबत द्या. अँब्युलन्समधल्या डॉक्टरांना आधी तेच लागतं.